भरलेला रकाना

"कार्ड फार सुंदर ठेवलंय, सिस्टर," डॉक्टर म्हणाले.

एवढंच. यापेक्षा जास्त काही घडलं नाही. नागपूरच्या एका हॉस्पिटलातली तिसऱ्या मजल्यावरची खोली, कबुतरं येऊ नयेत म्हणून खिडकीला जाळी, टेबलावर प्लॅस्टिकची लालभडक किडनी. नंदिनी त्या किडनीचं झाकण काढून आतल्या निळ्या-तांबड्या नळ्यांवरून बोट फिरवत होती, आणि मुलांच्या किडनीचे हे डॉक्टर तिचं लसीकरणाचं कार्ड उजेडाकडे धरून बघत होते. सहा वर्षांचं कार्ड. कोपरा दुमडलेला नाही, हळदीचं बोट उमटलेलं नाही. प्रत्येक रकान्यात तारीख, निळ्या शाईत, एकाच वळणाची. हे वळण सरिताचं होतं. नंदिनीच्या आईचं, आणि वर्धा जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर चौदा वर्षं लसी टोचणाऱ्या नर्सचंही. शेकडो बायांना तिनं सांगितलं होतं, रेशनकार्ड हरवलं तर दुसरं मिळेल, हे जपा. कौतुक ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मानेखाली, ब्लाऊजच्या हुकापाशी, बर्फाच्या पिशवीचं पाणी ठिबकावं तसं काहीतरी खाली उतरलं आणि कमरेपाशी थांबलं.

डॉक्टरांनी कार्डाशेजारी रक्ताचा रिपोर्ट ठेवला. काविळीच्या लशीचं संरक्षण रक्तात आहे, ते म्हणाले. कांजिण्यांचं आहे. गोवराचं नाही. जवळजवळ शून्य. मग ते समजावू लागले, जसं ते प्रत्येक आईला समजावत असतील, आणि सरिता मान हलवत राहिली, जसं प्रत्येक आई हलवत असेल. नवी किडनी शरीरानं परकी समजून टाकून देऊ नये म्हणून नंदिनीला जन्मभर गोळ्या घ्यायच्या. त्या गोळ्या शरीराचा पहारा ढिला करतात. ढिल्या पहाऱ्यात जिवंत लस आत सोडता येत नाही, आणि गोवराची लस जिवंत असते. म्हणजे जे द्यायचं ते ऑपरेशनच्या आधी, आणि लस व ऑपरेशन यांच्यामध्ये चार आठवडे तरी मोकळे हवेत. आज पाच फेब्रुवारी. ऑपरेशन चोवीसला. त्यानंतर ते दार बंद.

"पण दोन्ही डोस वेळेवर झालेत," डॉक्टरांनी कार्डावर पेन टेकवलं. "नवव्या महिन्यात एक, एकोणिसाव्यात दुसरा. दोन डोस घेऊनही काही उरलं नाही, म्हणजे हिचं शरीर धरून ठेवत नाहीये. पोटाच्या डायलिसिसमधून प्रथिनं वाहून जातात, त्यांच्यासोबत हेही थोडं जातं. तिसऱ्या डोसानं फार फरक पडेल असं मला वाटत नाही. त्यासाठी महिनाभर थांबायचं, तर पोटात दोनदा इन्फेक्शन झालंय, तिसऱ्यांदा झालं तर? मी तारीख तशीच ठेवायच्या बाजूनं आहे. एकच डोस झाला असता तर गोष्ट वेगळी होती. मग मी थांबलोच असतो. उद्या दुपारी टीमची मीटिंग आहे, तिथे नक्की करू. तुम्ही स्वतः नर्स आहात. तुम्हाला काय वाटतं?"

"तुम्ही म्हणाल तसं," सरिता म्हणाली.

हे शब्द तिचे होते. जिना उतरताना, औषधांच्या रांगेत, रिक्षात, एसटीच्या पायरीवर पाय ठेवताना तिनं ते पुन्हा पुन्हा ऐकले. तुम्ही म्हणाल तसं. कुठल्याही गावातली कुठलीही बाई तिला असंच म्हणायची, आणि तिला राग यायचा. अगं, तुझं लेकरू आहे, तूही काही म्हण.

नाव: नंदिनी अश्विन थूल.
आईचे नाव: सरिता.
गोवर-रुबेला, पहिला डोस: तारीख आहे.
गोवर-रुबेला, दुसरा डोस: तारीख आहे.

वर्ध्याच्या बसमध्ये खिडकीची जागा नंदिनीची. तोंडावर मास्क, त्यावर सशाचं चित्र. सहा वर्षांची पोरगी, दिसायला चार वर्षांची. बुटीबोरीला बस थांबली तेव्हा संत्र्यांची टोपली घेऊन एक बाई खिडकीखाली आली आणि नंदिनीनं काचेला कपाळ लावलं. संत्रं तिला चालत नाही. तिच्या किडन्या संत्र्यातलं ते जे काही असतं ते बाहेर टाकू शकत नाहीत आणि मग हृदयाचा ठोका चुकतो, हे तिला पाठ आहे. कुणी संत्रं पुढे केलं तर ती स्वतःच मोठ्या माणसासारखी सांगते, मले पोटॅशियम चालत नाही. "चोवीस तारखेनंतर खाईन ना आई?" "चोवीसला लगेच नाही. थोडे दिवसांनी." "पण चोवीस झाल्यावर." "हो." घरी दिनदर्शिकेवर ती रोज एक चौकोन खडूनं रंगवते. चोवीसच्या चौकोनात आधीच एक संत्रं काढून ठेवलंय, हिरव्या देठाचं, आणि त्याला दोन डोळे. सरितानं डोळे मिटले. कार्डावरची दुसऱ्या डोसाची तारीख, बारा ऑगस्ट. करोनाचं साल. बारा ऑगस्टला काय झालं?

पहिल्यांदा आठवलं ते असं. तिनं व्हायल फोडली, पावडरीत पाणी सोडलं, सुई भरली, नंदिनी रडली. रडणं अगदी स्पष्ट ऐकू आलं. उपकेंद्राच्या पत्र्याच्या पडवीत, शेवटी हुंदका अडकून उचकी लागली होती. पण रडणाऱ्या पोरीचा हात मोकळा होता, हात हवेत मारत होती, आणि जिजाबाई, सरिताची सासू, नंतर तिची डावी मांडी चोळत होती. मांडीतली सुई त्रिगुणीची. ती बाटली उघडली तरी थंडीत ठेवून पुढचे अठ्ठावीस दिवस चालते. गोवराची उजव्या दंडात देतात. दंड कोरडा होता. दंड आठवतच नाही.

दुसऱ्यांदा आठवलं ते असं. त्या दिवशी राहिलं, पण दुसऱ्या दिवशी तिनं जिजाबाईंसोबत पोरीला आरोग्य केंद्रात पाठवलं. हे इतकं सोयीचं होतं की सेलू येईपर्यंत ती त्यातच बसून राहिली. जिजाबाईंच्या कडेवर पोरगी, डोक्यावर पदर, रस्त्यावर चिखल. मग बस गतिरोधकावरून उडाली आणि तिला आठवलं की त्या आठवड्यात रस्ता बंदच होता, बल्ल्या बांधल्या होत्या, औषधाची गाडी सोडून कुणाला जाऊ देत नव्हते.

तिसऱ्यांदा तिला आठवावं लागलं नाही. ते आपलं तिथेच होतं, वाटेत बसलेल्या गुरासारखं.

उपकेंद्र धरणाच्या अंगाला, जंगल लागतं तिथे, आणि सरिताचं बिऱ्हाड त्याच्याच मागच्या खोल्यांत. गोवराच्या लशीची व्हायल पाच डोसची. एकदा पाणी घातलं की चार तास, त्यानंतर उरलं ते फेकायचं. किती डोस वाया गेले ते रजिस्टरात लिहायचं आणि का गेले तेही लिहायचं, आणि सरिताच्या रजिस्टरात त्या रकान्यात सहसा शून्य असे. तिला त्या शून्यांचा अभिमान होता. कुणी विचारलं तर ती नाही म्हणाली असती, पण होता. त्या दिवशी गोवराच्या लशीची बाकी पाच लेकरं. चार टोलीवरची, जंगलालगतच्या आदिवासी वस्तीतली, त्यांचे आईबाप कामाला बाहेर गेलेले, टाळेबंदीत अडकून नुकतेच परतलेले, आणि सगळे चौदा दिवस शाळेत वेगळे ठेवलेले. पाचवी नंदिनी. ती समोरच होती, उंबऱ्यावर बसून बूच चघळत होती. एका लेकरासाठी, तेही स्वतःच्या, पाच डोसची व्हायल फोडायची? गावातल्या बायांना ती दर महिन्याला सांगत आली होती, थांबा, अजून दोनतीन जमू द्या, मग फोडते. चौदा दिवसांनी शाळेतली चार सुटतील. चार आणि एक पाच. एक व्हायल, पाच दंड, वाया शून्य. हिशोब इतका नीट बसला की तिला आनंद झाला होता. तो आनंद तिला आता बसमध्ये आठवला आणि सगळ्यात जास्त त्याचीच लाज वाटली.

मग संध्याकाळी अहवाल. चार कोऱ्या रकान्यांपुढे शेरा लिहिता आला: विलगीकरण. पाचव्यापुढे काय लिहिणार? आई स्वतः नर्स आहे, मूल दारात बसलं आहे, लस पेटीत आहे, दिली नाही. वरचे साहेब हसले असते. चौदा दिवसांचाच प्रश्न होता. तिनं त्या दिवसाची तारीख टाकली. आधी रजिस्टरात. मग, दोन्ही जुळायला हवं म्हणून, कार्डावर.

आणि चौदा दिवसांनी ती तिथे नव्हती. तालुक्याच्या करोना सेंटरवर ड्यूटी लागली होती, अडीच महिने, प्लॅस्टिकच्या झग्यात. परत आली तेव्हा रजिस्टरचं पान उलटलेलं होतं. तिनं पान मागे करून बघितलं होतं का? बघितलं होतं. नंदिनी थूल, दुसरा डोस, तारीख, स्वतःचं अक्षर. तिला आठवतं की ते अक्षर बघून तिला हायसं वाटलं होतं. झालंय तर. आपल्या हातानं लिहिलेलं आपल्याच डोळ्यांनी वाचलं आणि त्याच्यावर विश्वास ठेवला, जसा चौदा वर्षं इतरांनी ठेवला.

वर्ध्याला उतरल्यावर तिनं स्टँडवरूनच फोन लावला. रामबाईला. रामबाई त्या उपकेंद्राची आशा, टोलीवरची, अजून तिथेच आहे. सरिताची बदली होऊन चार वर्षं झाली तरी पोळ्याला न चुकता फोन करते.

"जय सेवा, सिस्टर. आज कुठून सूर्य निंघाला?"

"जयभीम, रामबाई. एक विचाराचं होतं. करोनाच्या साली तुमची ती चार लेकरं शाळेत ठेवली होती. त्याईले गोवराची सुई कोणं दिली?"

"ते काय, तुमच्या जागी नवी सिस्टर आलती ना, चष्म्याची. तिनंच देली. यादीत चौघाचे खाने रिकामे होते, म्या एकाएकाले घरून उचलून आनलं."

"व्हायल पाचाची. एक उरला असन."

"उरलता नं. म्या म्हटलं, सिस्टरच्या पोरीले द्या, थे पा तिथं खेळून राह्यली. तं थे म्हने, तिचं झालं, तारीख हाय. फेकून देला." पलीकडे कोंबड्यांना हाकल्याचा आवाज. "काऊन वो? काई झालं का पोरीले?"

"नाई. तब्येत बरी हाय तिची."

"तुमीच म्हनलं होतं ना, एका पोरीसाठी शिशी नाई फोडाची. मले वाटलं मांगून देला असन तुमी. सिस्टरच्या घरी काय इसरन कोनी."

ऑटो मिळाला. नंदिनी मांडीवर झोपली. चार लेकरं वाचली कारण त्यांचे रकाने कोरे होते, सरिता विचार करत होती. कोरा रकाना बघून रामबाई घराघरात शिरली, एकेकाला उचलून आणलं. नंदिनी पडवीपासून दहा पावलांवर होती. तिचा डोस तिच्यादेखत काळ्या पिशवीत पडला. कुणी चुकलं नाही. चष्म्याची सिस्टर चुकली नाही, तिनं लिहिलेलं वाचलं. उद्या दुपारी डॉक्टरही चुकणार नाहीत. तेही लिहिलेलंच वाचतील.

घरी संध्याकाळची पिशवी. दिवसातून चार वेळा हे चालतं. दार लावायचं, खिडकी लावायची, पंखा बंद, आईला मास्क, पोरीला मास्क, कोपरापर्यंत हात धुवायचे, मग नंदिनीच्या पोटातून बाहेर आलेली नळी पिशवीला जोडायची आणि आतलं जुनं पाणी खाली उतरू द्यायचं, वीस मिनिटं, मग नवं पाणी वरून आत. त्या वेळात खोलीत तिसरं कुणी येत नाही. म्हणून जिजाबाई दाराबाहेर बसतात, मांडीवर मेथीची जुडी, आणि बंद दाराशी बोलतात. किडनी जिजाबाई देणार आहेत. आईचा रक्तगट जुळला नाही, बापाला साखर निघाली. पंचावन्न वर्षांची, जन्मभर कापूस वेचलेली ही बाई सगळ्या तपासण्यांतून पार झाली आणि तेव्हापासून घरात जरा ताठ मानेनं वावरते.

"काय म्हने डाक्टर?" दाराबाहेरून.

नंदिनी झोपेतच होती. नळीतून पिवळसर पाणी उतरत होतं, स्वच्छ, गढूळ नाही. सरितानं ते उजेडाकडे धरून बघितलं, सवयीनं.

"आई, एक सांगाचं हाय."

"सांग नं."

सरितानं सांगितलं. मास्कमधून, बंद दारातून, अर्ध्या आवाजात, जसं घडलं तसं, आधीचं आधी आणि नंतरचं नंतर. सांगायला पिशवी अर्धी भरण्याइतका वेळ लागला. बाहेर मेथीच्या काड्या मोडण्याचा आवाज मध्येच थांबला होता.

"म्या घरीच होतो त्या दिवशी," जिजाबाई म्हणाल्या. "पोरीले मांडीत सुई देली तू. दंडात नाई देली. म्या म्हटलं, अंकितच्या टायमाले तं दंडात देत होते, आता नवीन पद्धत निंघाली असन." अंकित त्यांचा धाकटा. "मले पुसलं असतं तं तवाच सांगतलं असतं."

"हो."

"मंग कागदावर खोटं लिवलं म्हन."

"हो."

"तू."

"हो, आई."

रस्त्यावर भाजीवाल्याचा भोंगा जवळ येऊन लांब गेला. जिजाबाईंनी चाळीस वर्षांची तंबाखू या ऑपरेशनसाठी सोडली होती. डबी अजून कोनाड्यात आहे, बाबासाहेबांच्या फोटोखाली. त्यांना साक्षीला ठेवलंय, म्हणतात.

"सुई आता देली तं तारीख हुकते?"

"हुकते. एक महिना. जास्तीही जाईन."

"अन् नाई देली तं?"

"नाई देली तं मंग कधीच देता येत नाई. गोवर आला तं तिच्या अंगात त्याच्याशी लढाले कोनी नसन. साध्या पोराले आठ दिवसात बरा होते. हिच्या छातीत उतरन, डोक्यात उतरन."

"किडनी माही हाय," जिजाबाई म्हणाल्या. आवाज दाराच्या फटीजवळ आला होता. "एकच देता येते. दुसरी मागाले येशीन तं माह्यापाशी नाई. वाया नको जाऊ देजो." आणि थोड्या वेळानं, पुन्हा काड्या मोडत, "महिना काय. तंबाखूबिगर महिना काढला, आनखी एक काढीन. डबी तेवढी तू लपवून ठेव. मले दिसली नाई पायजे."

अश्विनचा फोन आर्वी डेपोतून आला, सातच्या सुमाराला. तो एसटीत कंडक्टर. चोवीसपासून त्याची सुट्टी मंजूर झालेली. त्यानं ऐकून घेतलं. मागे गाड्यांचे हॉर्न, कुणीतरी पुलगावच्या बसची चौकशी करत होतं.

"डॉक्टरच म्हणते ना फरक नाई पडत? मंग तू काऊन उकरून राह्यली?"

"त्याईले माहीत नाई म्हणून म्हणते."

"चौकशी लागन तुह्यावर."

"लागन."

"खोटी नोंद म्हणजे नोकरी बी जाऊ शकते, सरिता. त्याच्यानंतर गोळ्या जन्मभर हायेत. कुठून आणाच्या?"

तिला जाणवलं की गेल्या काही तासांत तिच्या आत काहीतरी सरळ झालं आहे, हातात सुई धरताना मनगट सरळ होतं तसं, आणि आता ते वाकवून बघायची तिला इच्छा नाही. भीती होती. ती मनगटात नव्हती. "गोळ्या आणू," ती म्हणाली. "गोळ्या आणता येते. हे मांगून आणता येत नाई."

गाडी लागली, एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला. अर्ध्या तासानं मोबाईलवर त्याचा निरोप: सुट्टी पुढं ढकलाले सांगतो साहेबाले. जेवली का.

सकाळी साडेआठला तिनं डॉक्टरांना फोन केला. उभं राहून. वाक्यं आदल्या दिवशी ठरवली होती, पण तोंडून तिसरीच निघाली.

"डॉक्टर, नंदिनीला गोवराचा दुसरा डोस दिलेला नाही. तारीख मी टाकली होती. लस दिली नव्हती."

पलीकडे गाडी चालवल्याचा आवाज होता. तो थांबला. त्यांनी गाडी बाजूला घेतली असावी.

"तुम्हाला काल माहीत होतं?"

"काल तुम्ही कार्डाचं कौतुक केलं तेव्हा कळलं. खात्री संध्याकाळी केली."

"आणि बाकीच्या तारखा? त्या मी कशावरून खऱ्या मानायच्या?"

हा प्रश्न तिनं रात्रीच स्वतःला विचारून ठेवला होता. तरी तो दुसऱ्याच्या आवाजात वेगळा लागला. "माझ्यावरून मानू नका," ती म्हणाली. "रक्तावरून माना. काविळीचं रक्तात आलंय, कांजिण्यांचं आलंय. गोवराचा पहिला डोस एकटा टिकला नाही, बाकी जे दिलं ते सापडलं, डॉक्टर. जे नाही दिलं ते नाही सापडलं."

डॉक्टर एकदम कामाच्या आवाजात बोलू लागले, आणि त्या आवाजाचे तिनं मनोमन आभार मानले. "आज द्या. जवळच्या केंद्रात मिळेल ती, गोवर-रुबेलाची चालेल. आजपासून अठ्ठावीस दिवस मोजायचे, मग पुन्हा रक्त. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याआधी ऑपरेशन नाही, आणि तेव्हा थिएटर मिळेलच असं मी आज सांगत नाही. मधल्या काळात पिशव्यांची काळजी घ्या. पोटात इन्फेक्शन झालं तर सगळंच मागे जाईल. उद्या द्याल तर तारीख उद्यानं सरकेल, हे लक्षात घ्या."

"आजच देते."

"आणि सिस्टर, एका डोसानं अँटिबॉडी येतीलच असं नाही. मला तुम्हाला खोटं सांगायचं नाही."

"नका सांगू," ती म्हणाली.

वर्ध्यातल्या त्या केंद्रात त्या दिवशी लसीकरण नव्हतं. बाकं भिंतीला उलटी लावून ठेवलेली, फरशी ओली. तिथल्या सिस्टर प्रमिलाबाई निवृत्तीला आलेल्या, सरिताला ट्रेनिंगपासून ओळखणाऱ्या. त्यांनी मोबाईलवरचा डॉक्टरांचा निरोप वाचला, चष्मा वर ढकलला, नंदिनीकडे बघितलं, आत जाऊन त्यांच्या मॅडमना विचारून आल्या.

"मॅडम हो म्हणाल्या. पण सरिता, पाचाची व्हायल आहे हो. आज दुसरं कोणी येणार नाही. मंगळवारी सेशन आहे, बारा लेकरं आहेत यादीत. पाच दिवस काही होते का?"

पाच दिवस. वाक्य ओळखीचं होतं. थांबा, अजून दोनतीन जमू द्या. तिला वाटलं आपणच समोर उभ्या आहोत, चष्मा वर ढकलून, प्रामाणिक, काटकसरी, शून्यांचा अभिमान असलेल्या.

"फोडा," सरिता म्हणाली.

"एका लेकरासाठी?"

"हो. एकासाठी."

"जिल्ह्यात तुझं नाव होतं बाई वाया न घालवण्याबद्दल," प्रमिलाबाई पेटी उघडत म्हणाल्या. "मीटिंगमध्ये आम्हाले तुझेच टोमणे बसायचे."

झाकणाची पत्री निघाली, टक्. पाणी पावडरीत गेलं, विरघळलं. सरितानं उजव्या दंडावरची बाही स्वतः वर केली. दंड तिच्या दोन बोटांच्या चिमटीत मावला. तिनं प्रमिलाबाईंची सुई बघितली, कातडीखाली फुगलेला टिपूस बघितला, सुई बाहेर येताना बघितली, कापूस दाबला. नंदिनी रडली नाही. पोटात नळी असलेल्या पोरीला एवढ्याशा सुईचं काय. तिनं फक्त विचारलं, "आता चोवीस तारीख कधी?"

"चोवीस येईल तेव्हा येईल. ऑपरेशन पुढे गेलं. मार्चमध्ये."

"मंग माह्यं संत्रं?"

"तेही मार्चमध्ये."

नंदिनीनं हे मनात कुठंतरी नेऊन ठेवलं. तिच्या कपाळावरून कळत होतं की जागा सापडायला वेळ लागतोय. "मार्चच्या पानावर नवीन काढावं लागन," ती शेवटी म्हणाली. "डोळे नाही काढणार. डोळे काढले का खाऊ वाटत नाही."

प्रमिलाबाईंनी रजिस्टर ओढलं. डोस दिले: एक. वाया: चार. पेन थांबलं. "कारण काय लिहू? लाभार्थी एकच, एवढंच लिहितो. बाकीचं माझ्या रजिस्टरात नको."

"तुमच्यात नको. माझं माझ्याकडे आहे."

तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून कार्ड काढलं. बारा ऑगस्ट. नियम तिला माहीत होता, कितीतरी नव्या पोरींना तिनं तो शिकवला होता: खोडायचं नाही, पांढरं लावायचं नाही, आकड्यावर आकडा गिरवायचा नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला आपली सही. तिनं पट्टी न घेता रेघ मारली. हात सरळ गेला. तारीख रेघेखालून दिसत राहिली. बाजूला तिनं लिहिलं, लस दिली नव्हती, नोंद माझी, आणि पूर्ण सही केली, नाव आणि हुद्द्यासकट. खालच्या मोकळ्या जागेत आजची तारीख. मग मोबाईलनं त्या पानाचा फोटो काढला आणि आपल्या तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना पाठवला, सोबत दोन ओळी, की त्या रजिस्टरातली नोंदही दुरुस्त करायची आहे, मी केव्हा येऊ. निरोप गेल्याची खूण उमटली. तिनं मोबाईल पर्समध्ये टाकला.

"माह्या कार्डावर रेघ काऊन मारली?" नंदिनी म्हणाली. "चांगलं होतं ना ते."

"चुकलं होतं."

"कोणाचं?"

"माझं."

लस दिल्यावर अर्धा तास बसायचं, हे प्रमिलाबाईंनी सांगितलं आणि स्वतःच हसल्या, कोणाला सांगून राह्यली मी. सरितानं एक बाक सुलटं केलं. ओल्या फरशीवर त्याचे पाय करकरले. नंदिनी तिला टेकून बसली, दंड उघडा, त्यावर टिपूस आता सपाट झालेला, आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नव्हतं. टेबलावर व्हायल बर्फात उभी होती, चार डोस भरलेली, दुपारपर्यंत चांगली. सरितानं तिच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली नाही. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले होते. अकराला निघायचं, बाराला पिशवी. हात कोपरापर्यंत धुवायचे, पंखा बंद करायचा. आजची दुसरी. ऑपरेशनपर्यंत अशा अजून शंभराच्या वर.